संवाहकाची विद्या

शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' नाटकात चारुदत्त आणि वसंतसेना यांच्या प्रेमकथेच्या कडेकडेने एक लहानसा मनुष्य वावरत असतो. नाटककाराने त्याला नाव दिलेले नाही. त्याचा धंदा हेच त्याचे नाव. तो संवाहक आहे, म्हणजे अंग रगडणारा, हातपाय चेपून देणारा. गोविंद बल्लाळ देवल यांनी हे नाटक मराठी रंगभूमीवर आणले, त्यामुळे मराठी रसिकांच्या परिचयाचे ते झाले. परंतु या संवाहकाकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. जुगारात दहा सुवर्णमुद्रा हरून तो पळत सुटतो, ओसाड देवळात मूर्ती होऊन उभा राहतो, आणि शेवटी वसंतसेनेच्या घरात आश्रय घेतो. ती त्याची चौकशी करते. तेव्हा तो सांगतो की आपण मूळचे पाटलिपुत्राचे, एका गृहस्थाचे पुत्र. घरी येणाऱ्या प्रवाशांच्या तोंडून परक्या मुलखाच्या गोष्टी ऐकल्या आणि तो मुलूख पाहण्याच्या कुतूहलाने उज्जयिनीस आलो. मोठी नाजूक कला आपण शिकला आहात, असे वसंतसेना म्हणते. त्यावर त्याचे उत्तर मार्मिक आहे : शिकताना ती कला होती, आता ती पोटाचा उद्योग झाली आहे.

परमुलखाच्या गोष्टी ऐकून घर सोडणारा हा मनुष्य मॉरिशसच्या वाचकांस अनोळखी वाटू नये. अरकाट्यांच्या तोंडून अशाच गोष्टी ऐकून बिहारातून, मद्रासेकडून आणि रत्नागिरी-साताऱ्याकडून किती माणसे निघाली! आणि त्यांतील अनेकांच्या हातीही घरी शिकलेली एखादी कला होती.

वसंतसेना आपले कंकण पाठवून त्याचे ऋण फेडते. तेव्हा संवाहक तिला विनवितो की, निदान ही विद्या आपल्या परिचारिकांना शिकविण्याची तरी संधी द्यावी. ती ते नम्रपणे नाकारते. संवाहक भिक्षू होतो, पुढे मरणाच्या दारातून वसंतसेनेला तोच परत आणतो, आणि नाटकाच्या अखेरीस राज्यातील सर्व विहारांचा तो मुख्य नेमला जातो. अंगमर्दनाच्या शिक्षणाची गोष्ट सांगावयाची झाली तर या नाकारलेल्या विनवणीपासून सुरुवात करणे सोयीचे होईल. कारण ही विद्या कोणी शिकवावी, कोणी शिकावी आणि शिकली याची खूण काय, हा प्रश्न त्यानंतर पुष्कळ शतके तसाच राहिला.

आयुर्वेदाला या विद्येचे महत्त्व पुरते ठाऊक होते. चरकसंहितेत अभ्यंगाचा समावेश नित्याच्या दिनचर्येत केलेला असून, तेलाने जसे चामडे मऊ राहते व चाकाचा आस टिकतो तसे शरीर अभ्यंगाने दृढ होते, असा दृष्टांत दिलेला आहे. सुश्रुताने अभ्यंग, उद्वर्तन आणि संवाहन यांचा वेगवेगळा विचार केला आहे. परंतु ग्रंथ वैद्याच्या हाती असे आणि तेल चोळणाऱ्याचा हात दुसऱ्याचाच असे. ज्ञान एका जातीत, श्रम दुसऱ्या जातीत, अशी ही वाटणी होती. न्हावी डोके व अंग रगडीत असे. सुईण बाळंतिणीला आणि बाळाला तेल लावीत असे. हाडवैद्य निखळलेला सांधा बसवीत असे. आणि तालमीत वस्तादाचे अंग रगडता रगडता कोवळा पोरगा मालीश शिकत असे. छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापुरास कुस्तीला जो उदार आश्रय दिला, त्याने पैलवानांबरोबर मालीश करणाऱ्यांचाही हात तयार झाला. तालमीतील हे शिक्षण खडतर असे. कोठे जोर द्यावयाचा, कोठे हात हलका ठेवावयाचा, थकलेल्या मांडीला आणि दुखावलेल्या मांडीला एकच उपचार का चालत नाही, हे सारे तेथे चुकत, बोलणी खात शिकावे लागे. त्याला पुस्तक नव्हते, परीक्षा नव्हती आणि प्रमाणपत्रही नव्हते.

इ. स. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत साडेचार लाखांच्या आसपास गिरमिटिये मॉरिशसला आले. पोर्ट लुईच्या धक्क्यावर त्यांचे नाव, वडिलांचे नाव, वय, जात, गाव, उंची व अंगावरील खुणा लिहून घेतल्या जात. बहुतेकांच्या करारात उसाच्या मळ्यातील मजुरी हे एकच काम होते. पण कोठीवर दिवसभर कुदळ आणि कोयता चालविलेल्या माणसाची पाठ संध्याकाळी कोणीतरी चोळून द्यावीच लागे, आणि बाळंतिणीच्या खोलीत दाईला पर्याय नव्हता. दिवाळीच्या पहाटेचे अभ्यंगस्नान मराठी घरांनी समुद्रापलीकडे आणले, तसा हाही हात आणला. ही विद्या आईकडून मुलीकडे, सासूकडून सुनेकडे गेली. तिची नोंद कोणत्याच वहीत झाली नाही, म्हणून ती नव्हतीच असे मानण्याचे कारण नाही.

शब्दांचा प्रवासही मौजेचा आहे. इंग्रजीतील 'शॅम्पू' हा शब्द हिंदीतील 'चाँपना' या क्रियापदापासून आला. मराठीत पाय 'चेपतात', आणि 'चंपी' तर सर्वांच्या तोंडी आहे. अठराव्या शतकात इंग्रज लोक 'शॅम्पू' म्हणत ते अंग रगडण्याला. केस धुण्याचा अर्थ त्याला फार उशिरा चिकटला. फ्रेंच भाषेतील 'मासे' या क्रियापदाचा, म्हणजेच 'मसाज' या शब्दाच्या मुळाचा, एक अगदी जुना छापील वापर १७७९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रवासग्रंथात आढळतो. हा ग्रंथ ल जाँती या ज्योतिर्विदाच्या हिंदी महासागरातील प्रवासाचा आहे. सूर्यबिंबावरून शुक्र जाताना पाहावा म्हणून निघालेल्या या दुर्दैवी पंडिताचे वास्तव्य इल द फ्रान्सवर, म्हणजे आजच्या मॉरिशसवर, झाले होते. १७६१ साली तो समुद्रावर अडकला आणि १७६९ साली पाँडिचेरीत ऐन वेळी ढग आले. शुक्र हातचा निसटला, पण युरोपच्या कोशाला एक शब्द देण्यास त्याचा हातभार लागला. युरोपात ही विद्या मुळीच नव्हती असे मात्र समजू नये. ग्रीक व रोमन लोक अंग चोळून घेत असत. परंतु अठराव्या शतकातील युरोपीय प्रवाशांना ती पूर्वेकडची नवलाई वाटली, ही गोष्ट खरी.

ही नवलाई इंग्लंडात धंदा म्हणून उभी केली ती एका हिंदी स्थलांतरिताने, आणि योगायोग असा की तोही पाटलिपुत्राचाच, म्हणजे पाटण्याचा. शेख दीन महंमद १७५९ साली जन्मला. त्याचा पिता ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होता. पिता मरण पावल्यावर अकरा वर्षांच्या सुमारास हा मुलगा गॉडफ्रे इव्हान बेकर नावाच्या आयरिश अधिकाऱ्याच्या आश्रयाने छावणीत गेला आणि तेथेच वाढला. १७८४ साली बेकरबरोबर तो आयर्लंडमधील कॉर्क शहरी पोहोचला. तेथे तो इंग्रजी शिकला, जेन डेली या आयरिश युवतीशी त्याने विवाह केला, आणि १७९४ साली आपल्या प्रवासाचे पुस्तक प्रसिद्ध केले. हिंदी मनुष्याने इंग्रजीत लिहून छापलेले ते पहिले पुस्तक होय.

पुढे लंडनला येऊन बॅझिल कॉक्रेन या हिंदुस्थानातून गब्बर होऊन परतलेल्या गृहस्थाच्या बाष्पस्नानगृहात त्याने काम केले. १८१० साली जॉर्ज स्ट्रीटवर 'हिंदुस्थानी कॉफी हाऊस' काढून इंग्रजांना हिंदी जेवण खाऊ घालण्याचा प्रयत्न केला. तो चालला नाही. १८१२ साली त्याचे दिवाळे वाजले. तेव्हा तो पन्नाशी ओलांडलेला होता. दुसरा कोणी खचला असता. दीन महंमद १८१४ साली समुद्रकाठच्या ब्रायटन गावी गेला, आणि तेथे पुढे बाष्पस्नान व मर्दन यांचे गृह उघडले. औषधी वनस्पतींच्या वाफेने भरलेल्या फ्लॅनेलच्या तंबूत रोगी बसे. तंबूला शिवलेल्या बाह्यांतून मर्दन करणारा आपले हात आत घाली आणि अंग रगडी. स्त्रियांची व्यवस्था जेन पाहत असे. पहिल्याने लोक हसले. नंतर संधिवाताने जखडलेले रोगी बरे होऊन कुबड्या तेथेच ठेवून जाऊ लागले, आणि त्या कुबड्या दर्शनी भागात टांगून ठेवल्या जाऊ लागल्या. १८२२ साली मर्दनावरील त्याचे पुस्तक निघाले. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांनी त्याला आपला मर्दन-शल्यविशारद नेमले.

या यशाच्या मध्यभागी एक काटा आहे, आणि इतिहासाला तो महत्त्वाचा वाटला पाहिजे. आपल्या मर्दनविषयक पुस्तकात जे आत्मवृत्त दीन महंमदाने दिले, त्यात जन्मसाल १७४९ असे आहे, आणि आपण वैद्यकाचे शिक्षण घेऊन कंपनीच्या नोकरीत शल्यवैद्य होतो असाही दावा आहे. प्रा. मायकेल फिशर यांच्या संशोधनाने हे मागाहून जोडलेले आहे हे दाखवून दिले. वय दहा वर्षांनी वाढविल्याखेरीज छावणीतील आयुष्याच्या आधी वैद्यकाचे शिक्षण बसविता येत नव्हते. ब्रायटनच्या सेंट निकोलस देवळाच्या आवारातील त्याच्या थडग्यावर, १८५१ साली मृत्यू, वय १०१ वर्षे, असे कोरलेले आहे. खरे वय त्याहून दहा वर्षे कमी होते.

त्याला लबाड म्हणावे काय? त्याचे हात खोटे नव्हते. हजारो रोग्यांनी त्यांचा अनुभव घेतला होता. परंतु इंग्लंडातील डॉक्टर आता संघटित होऊ लागले होते, पदवी आणि परवाना यांची भाषा समाजात रूढ होत होती, आणि एका पाटणेकराच्या हाताला त्या भाषेत नाव नव्हते. तेव्हा जे प्रमाणपत्र कोणी देऊ शकत नव्हते ते त्याने स्वतःच लिहून घेतले. असत्य ते असत्यच. पण त्या असत्याची गरज का पडली याचा विचार केल्यावाचून त्याचा न्याय करणे बरोबर होणार नाही. त्याच्या मुलांनी हा व्यवसाय काही काळ चालविला. नातू फ्रेडरिक अकबर महंमद मात्र लंडनच्या गायज रुग्णालयात रीतसर डॉक्टर झाला आणि रक्तदाबावरील संशोधनाने वैद्यकात नाव मिळवून गेला. आजोबांना जे कागद कल्पनेने निर्माण करावे लागले ते नातवाला विद्यापीठाने दिले.

शिक्षणसंस्थेची घडी बसली ती युरोपच्या उत्तरेस. पेर हेन्रिक लिंग हा स्वीडनचा तलवारबाजीचा शिक्षक. व्यायामाने आपला दुखरा हात सुधारल्यावर त्याने व्यायामाची व उपचाराची एक पद्धती बांधली आणि १८१३ साली स्टॉकहोम येथे सरकारी आश्रयाने मध्यवर्ती व्यायामसंस्था स्थापन केली. शरीररचनेचे पाठ घेऊन, परीक्षा देऊन उपचारक बाहेर पडू लागले ते येथून. १८६४ पासून तेथे स्त्रियांनाही रीतसर प्रवेश मिळाला. ज्याला सारे जग 'स्वीडिश मसाज' म्हणते त्याची मांडणी मात्र ॲम्स्टरडॅमच्या योहान मेझगर या डॉक्टरच्या नावे सांगितली जाते. मुरगळलेल्या पायावर घर्षणाने उपचार हा त्याच्या १८६८ सालच्या प्रबंधाचा विषय होता. त्यातील हस्तक्रियांची नावे फ्रेंच आहेत : एफ्लराज, पेत्रिसाज, फ्रिक्सियाँ, तापोतमाँ. मॉरिशसच्या विद्यार्थ्याला ती पाठ करावी लागत नाहीत, कारण त्याच्या घरी 'फ्रोते' हा शब्द रोजचाच. मराठीतही ती परकी नाहीत. कुरवाळणे, तिंबणे, घासणे, थोपटणे : चारही शब्द स्वयंपाकघरातले आणि पाळण्याजवळचे आहेत.

आता लंडनकडे वळावयास हवे, कारण प्रशिक्षित मर्दनकार हा स्वतंत्र व्यवसाय कसा झाला याची खरी झुंज तेथे झाली. १८९४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' या वैद्यकीय साप्ताहिकाने एक स्फोटक मजकूर छापला. शहरातील पुष्कळशी मसाजगृहे ही वेश्यागृहांचे पांघरूण होत, आणि भोळ्याभाबड्या मुलींना महागडे पण निरर्थक शिक्षण देऊन त्या सापळ्यात ओढले जाते, असा त्याचा आशय होता. एका रात्रीत साऱ्या व्यवसायाला काळिमा लागला. ज्या परिचारिका प्रामाणिकपणे रुग्णांचे अंग चोळीत होत्या त्यांना रस्त्यात तोंड दाखविणे कठीण झाले.

यांपैकी चौघीजणींनी गप्प बसावयाचे नाही असे ठरविले. ल्यूसी रॉबिन्सन, रोझलिंड पॅजेट, एलिझाबेथ मॅन्ली आणि मार्गारेट पामर ही त्यांची नावे. त्या परिचारिका व सुइणी होत्या. पॅजेटबाईंनी सुइणींच्या संघटनेसाठी आधीच पुष्कळ झीज सोसली होती. १८९४ च्या डिसेंबरात त्यांनी 'सोसायटी ऑफ ट्रेन्ड मसूजेस' म्हणजे प्रशिक्षित मर्दनकार स्त्रियांची संस्था स्थापन केली आणि दुसऱ्याच वर्षी परीक्षा सुरू केल्या. त्यांचे नियम आज वाचले तर कठोर वाटतात. डॉक्टरच्या सांगण्यावाचून मर्दन करावयाचे नाही. पुरुषांचे सर्वांगमर्दन करावयाचे नाही. अपवाद केवळ डॉक्टरने विशेष सांगितलेल्या निकडीच्या रुग्णाचा. परिचारिकांच्या मान्य नियतकालिकांखेरीज कोठेही जाहिरात द्यावयाची नाही. रुग्णाला औषधे विकावयाची नाहीत.

या नियमांवर टीका करणे सोपे आहे. त्यांनी स्त्रीला डॉक्टरच्या आज्ञेखाली बांधून टाकले, असे म्हणता येईल आणि ते खरेही आहे. परंतु त्या काळी त्या स्त्रियांच्या हाती दुसरे शस्त्र कोणते होते? ज्या व्यवसायाचे नाव काढताच लोक कुत्सितपणे हसत, त्याला त्यांनी अस्थी, स्नायू, सांधे यांच्या अभ्यासाची आणि तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षेची बैठक दिली. ज्यांच्याजवळ संस्थेचे प्रमाणपत्र आहे आणि ज्यांच्याजवळ नाही, अशी रेषा आखली गेली. रेषेच्या अलीकडे अब्रू होती. पलीकडे मात्र सारेच बदनाम असे नव्हते. कित्येक निरक्षर, सिद्धहस्त बायका केवळ परीक्षेची फी नाही आणि शरीररचनेची लॅटिन नावे येत नाहीत म्हणून पलीकडे राहिल्या असतील. कोणत्याही प्रमाणपत्राच्या इतिहासात ही दुसरी बाजू असतेच.

१९१४ साली महायुद्ध पेटले. आल्मेरिक पॅजेट यांच्या देणगीतून पन्नास प्रशिक्षित स्त्रियांचे एक लष्करी मसाज पथक ऑगस्टमध्येच उभे राहिले आणि युद्ध संपेपर्यंत त्याचा विस्तार होत गेला. गोळ्यांनी स्नायू फाटलेल्या, सांधे आखडलेल्या सैनिकांच्या रांगाच्या रांगा त्यांच्यापुढे आल्या, आणि पुरुषांना हात लावावयाचा नाही हा नियम युद्धाच्या दारात गळून पडला. १९२० साली संस्थेला राजसनद मिळाली. पुरुषांनाही तिची दारे उघडली. स्वीडिश व्यायाम आणि विद्युतोपचार अभ्यासक्रमात आलेच होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात संस्थेने 'फिजिओथेरपी' हे नाव स्वीकारले आणि नावातून 'मसाज' हा शब्द गेला तो गेलाच. म्हणजे ज्या शब्दाची अब्रू राखण्यासाठी चौघी उभ्या राहिल्या, तो शब्द त्यांच्या वारसांनी पन्नास वर्षांत बाजूला ठेवला. मर्दनकारांना पुन्हा पहिल्यापासून आपली ओळख सिद्ध करावी लागली. काही देशांत ते साधले आहे. कॅनडाच्या ऑन्टेरिओ प्रांतात १९९१ सालच्या स्वतंत्र कायद्याने हा व्यवसाय नियंत्रित झाला असून परीक्षा व नोंदणी यांवाचून तेथे कोणाला ती उपाधी लावता येत नाही. अन्य कित्येक ठिकाणी मात्र पाटी लावणे हीच पात्रता.

याच महायुद्धात या विद्येने आणखी एक दार उघडले. वृत्तपत्रांचे मालक आर्थर पिअर्सन यांची दृष्टी गेली होती. १९१५ साली त्यांनी लंडनला 'सेंट डन्स्टन्स' ही संस्था युद्धात अंध झालेल्या सैनिकांसाठी काढली. टोपल्या विणणे, जोडे दुरुस्त करणे, कोंबड्या पाळणे यांबरोबर मर्दन हाही तेथला एक मार्ग होता. ब्रेल लिपीतून शरीररचना वाचून, हाडे बोटांनी चाचपून हे तरुण तीच परीक्षा देत, डोळस उमेदवारांना देत तीच. सवलतीचे प्रमाणपत्र त्यांना नको होते.

जपानात तर ही गोष्ट त्याहून अडीचशे वर्षे जुनी आहे. सुगियामा वाइची (१६१०–१६९४) हा अंध सुचिवैद्य. सुई त्वचेत नेमकी शिरावी म्हणून वापरावयाच्या नळीचे श्रेय त्याला दिले जाते. शोगुन त्सुनायोशीवर त्याने उपचार केले आणि त्याच्या आश्रयाने अंधांसाठी सुचिचिकित्सा व 'अन्मा' म्हणजे मर्दन यांच्या शाळा काढल्या. युरोपात अंधांसाठी शाळा निघण्याच्या शंभर वर्षे आधी हे घडले. रात्री शिट्टी वाजवीत गल्लीतून जाणारा अंध अन्मा हे जुन्या जपानचे ओळखीचे चित्र होय. १८७१ साली अंधांचा संघ मोडला गेला, त्यांचे संरक्षण गेले. तरी अंधांच्या शाळांनी ही परंपरा सोडली नाही. आज तेथे तीन वर्षांचा अभ्यास आणि राष्ट्रीय परीक्षा यांवाचून परवाना मिळत नाही. १९६४ साली कायद्यात एक कलम आले, ज्याअन्वये अंधांची उपजीविका धोक्यात येईल तर डोळस विद्यार्थ्यांसाठी नव्या शाळांना परवानगी नाकारता येते. या कलमाला आव्हान दिले गेले; २०२२ साली जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरविले. प्रमाणपत्र हे दुर्बलाला बाहेर ठेवणारी भिंत न होता त्याचे छप्पर झाले, असे उदाहरण इतिहासात क्वचितच आढळेल.

मॉरिशसला या शिक्षणाची किंमत कळली ती फार मोठे मोल देऊन. १९४५ सालच्या आरंभी बेटावर बालपक्षाघाताची भयंकर साथ आली. चार लाखांच्या आसपास वस्तीत हजाराहून अधिक रुग्ण, आणि त्यांत बहुतेक अगदी लहान मुले. ऑक्सफर्डचे अस्थिशल्यविशारद हर्बर्ट सेडन यांना इंग्लंडहून यावे लागले. पुढे १९४८ आणि १९५२ साली साथ पुन्हा उद्भवली. आपला धडधाकट मुलगा सकाळी उठून उभा राहू शकत नाही हे पाहणाऱ्या घरात तेलाची वाटी जवळ ओढली जाणे अगदी साहजिक होते. आणि येथेच जुन्या हाताची मर्यादा लक्षात येते. या रोगात तापाच्या दिवसांत स्नायूंना विश्रांती हवी असते. त्या वेळी जोरकस चोळणे अपायकारक ठरू शकते. ताप ओसरल्यावर मात्र महिनोन्‌महिने अवयव योग्य स्थितीत ठेवणे, सांधे हलविणे, उरलेल्या स्नायूंकडून काम करवून घेणे हाच मार्ग. हात केव्हा लावावयाचा हे दाईलाही ठाऊक असते. केव्हा लावावयाचा नाही, हे शरीरशास्त्र शिकल्यावाचून कळणे कठीण.

येथेही विद्या केवळ पदवीधरांकडे होती असे नाही. ऑस्ट्रेलियाच्या एलिझाबेथ केनी यांनी परिचारिकेचे रीतसर शिक्षण घेतले नव्हते. 'सिस्टर' ही उपाधी त्यांना पहिल्या महायुद्धातील लष्करी सेवेत मिळाली. बालपक्षाघाताच्या मुलांना फळ्या व प्लॅस्टरमध्ये जखडून ठेवण्याची तेव्हाची वैद्यकीय रीत त्यांनी झुगारली, गरम ओल्या लोकरीच्या पट्ट्या आणि स्नायूंचे पुनःशिक्षण यांचा अवलंब केला. १९३८ साली क्वीन्सलँडमधील चौकशी मंडळाने त्यांच्या पद्धतीस प्रतिकूल अभिप्राय दिला. १९४० साली त्या अमेरिकेस गेल्या, आणि १९४२ साली मिनीआपोलिस येथे त्यांच्या नावाची संस्था उघडली. त्यांची उपपत्ती सर्वस्वी बरोबर नव्हती. तथापि मुलांना जखडून ठेवू नये या मुद्द्यावर त्यांनी डॉक्टरांना विचार बदलावयास लावले, हे निर्विवाद.

हिंदुस्थानातही मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने भौतिकोपचाराची शाळा निघाली. तालमीतल्या वस्तादांच्या आणि सुइणींच्या प्रांतात अशा रीतीने प्रथमच वर्ग, फळा आणि हाडांचा सापळा आला.

आज या व्यवसायाचे शिक्षण घेणाऱ्यास काय शिकावे लागते? प्रथम शरीररचना व शरीरक्रिया, मग हस्तक्रिया, आणि त्यांच्याइतकेच निषेध. नसेत रक्ताची गुठळी झालेली असेल तर तेथे मर्दन करावयाचे नाही, कारण गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर प्राणावर बेतते. ताप, ताजा अस्थिभंग, उघडी जखम, त्वचेचा संसर्ग यांत हात आवरावयाचा. गर्भवती आणि कर्करोगाचे रुग्ण यांच्या बाबतीत वेगळी काळजी. रुग्णाची आधी विचारपूस करावयाची, अंगाचा कोणता भाग उघडा करावयाचा याची त्याची संमती घ्यावयाची, बाकीचे अंग झाकून ठेवावयाचे, केलेल्या उपचाराची नोंद ठेवावयाची. आणखी एक गोष्ट आहे जी कोणतीही दाई आपल्या सुनेला सांगत असे : आपले अंग सांभाळ. अंगठ्याच्या जोरावर काम करणाऱ्याचा अंगठा काही वर्षांत जातो. जोर बोटांतून न काढता पाय रोवून, देहाचे वजन पुढे झोकून काढावा लागतो. प्रशिक्षणाचे कित्येक तास हे एवढेच अंगवळणी पाडण्यात जातात.

थायलंडने आपली परंपरा टिकविण्यासाठी निराळा मार्ग धरला. तिसऱ्या राम राजाने एकोणिसाव्या शतकात बँकॉकच्या वाट फो मंदिरात मर्दनाच्या रेषा दाखविणाऱ्या आकृती दगडात कोरविल्या, म्हणजे विद्या कोणा एका घराण्याच्या पेटीत बंद राहू नये. १९५५ साली त्याच आवारात शाळा निघाली, आणि २०१९ साली युनेस्कोने थाई मर्दनाला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. मॉरिशसनेही १९८९ साली आयुर्वेद व अन्य पारंपरिक औषधपद्धतींसाठी कायदा करून त्या वैद्यांना नोंदणीचा मार्ग मोकळा करून दिला. परंतु तेल लावणाऱ्या हाताची गोष्ट वेगळी आहे. समुद्रकाठच्या हॉटेलांतून परदेशी पाहुण्यांना मर्दन करणाऱ्या तरुण-तरुणींत गिरमिटियांची पणतवंडे पुष्कळ आहेत. त्यांना एफ्लराज आणि पेत्रिसाज शिकविले जाते, काहींना थाई आणि बाली पद्धती शिकविल्या जातात. नवजात बालकाला मांडीवर आडवे घेऊन, पाय पसरून, कोमट तेलाने चोळण्याची जी रीत कोठीवरच्या मराठी, भोजपुरी, तमिळ व तेलुगू दायांनी येथे चालविली, तिचा पाठ अजून कोणी लिहून काढलेला दिसत नाही. ती रीत ज्यांच्या हातात आहे अशा वृद्ध स्त्रिया खेड्यापाड्यांतून अद्याप आहेत. बैठकांच्या मंडळींनी वही घेऊन त्यांच्याकडे जाणे अवघड नाही. एक-दोन डॉक्टर बरोबर घेतले म्हणजे त्यातील कोणती क्रिया बाळाला हितकर आणि कोणती टाळावी, हेही त्याच वेळी टिपून घेता येईल.